खैरनारकाकांचा अरफज

आमच्या वरच्या मजल्यावरचे खैरनारकाका कोपऱ्यावरच्या बकाल्यात कोथिंबीर घ्यायला गेले, तरी आधी बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, काढून दाखवतात. दुकानदार म्हणतो, "काका, मी पोलीस नाही." काका म्हणतात, "असू दे. रिस्क नको."

ते सेफ्टी इंजिनिअर. इथे आखातात, अबू हलीफात एकटेच राहतात. लिफ्टमध्ये शिरण्याआधी ती एकदा रिकामी वर पाठवून बघतात. मीही घाबरट, त्यामुळे आमचं जमतं. म्हणजे आम्ही दोघंही फारसं बोलत नाही.

हिवाळा लागला की शुक्रवारी ते आईला आणि मला गाडीत बसवून जहराच्या पुढच्या डोंगरकड्यावर नेतात. एकट्या पुरुषाला पोलीस हटकतात, फॅमिलीला सोडतात, म्हणून आम्ही. तिथल्या उतारावर अरफजचं झुडूप आहे. या देशाचं राष्ट्रीय फूल. पिवळं, शर्टाच्या बटणाएवढं. पूर्वी सगळीकडे असायचं म्हणे. गाड्या आणि तंबूंखाली चिरडून त्या उतारावर आता हे एकच उरलंय. काका त्याला बाटलीच्या झाकणाने पाणी पाजतात.

एप्रिलअखेर काकांची नोकरी संपणार, ते नाशिकला परत जाणार. झाडाचं पुढे काय, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या शुक्रवारी काका झुडपापाशी वाकलेले असताना पोलिसांची गाडी आली. आईने माझं मनगट इतकं दाबलं की घड्याळ रुतलं.

"इथे काय पुरताय?" पोलिसाने इंग्रजीत विचारलं.

काकांनी बताका दिला, तोही उलटा. तो वाचता वाचता पोलीस एक पाऊल मागे सरकला, आणि काकांनी दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून त्याला पुढे ओढलं.

बाबांची नोकरी, विमानतळ, आमच्या बॅगा, सगळं मला एकदम दिसलं. पोलिसाने वळून खाली पाहिलं. त्याच्या टाचेपासून वितीवर फूल होतं.

"अरफज," तो म्हणाला. बताका परत केला. "यल्ला, घरी जा."

गाडीत काकांना किल्ली लागेना.

"भाऊ, पोलिसाला हात लावलात!" आई म्हणाली.

"लावला खरा, वहिनी." मग आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली इथं. शुक्रवारी कुणाकडे जायचं, तर मला हा अरफजच एक. एप्रिलनंतर... तुला गाडी येते ना गं?"

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले होते. आईने माझ्याकडे पाहिलं.

"येते," मी म्हणाले.