मूळ प्रत नष्ट केली आहे

"अहो, त्या कॅसेटवर निदान 'बाबा' एवढं तरी लिहा," असं बायको सकाळपासून दोनदा म्हणाली होती. दोनदा म्हणाली म्हणजे विषय गंभीर होता, कारण नवऱ्याच्या कॅसेटींविषयी ती एरवी चकार शब्द काढत नसे. पण कॅसेटवाल्यांनी लिहिलं नाही. "माझ्या लक्षात राहतं गं," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पुढचं सगळं रामायण त्या चार शब्दांमुळे घडलं.

कॅसेटवाले म्हणजे तसे विमा कंपनीतले कारकून. लोकांचे दावे नाकारण्याच्या खात्यात होते. तिथे एका कागदावर तारीख नसली की ते म्हाताऱ्या विधवेलासुद्धा तीन खेपा घालायला लावत. घरी मात्र मागच्या खोलीत त्यांचं दुसरं साम्राज्य होतं. ज्या संगीताला चाल नाही, ताल नाही, शब्द नाहीत आणि ऐकणारेही नाहीत, असं संगीत ते कॅसेटवर काढत. प्रत्येक कॅसेटच्या फक्त पंचवीस प्रती. पंचवीसच का? तर सव्विसावं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं म्हणून. माहितीपत्रकात मात्र 'बाजाराला ठाम नकार' असं छापलेलं असे.

पंचवीस प्रती भरून झाल्या की एक विधी असे. जुन्या लाउडस्पीकरातून काढलेला जाड चुंबक मूळ कॅसेटवरून सात-आठ वेळा फिरवायचा, पट्टीवरचा आवाज साफ पुसून टाकायचा, त्याचा फोटो काढायचा आणि प्रत्येक डबीत तो फोटो आणि एक चिठ्ठी घालायची: 'मूळ प्रत नष्ट केली आहे.' गिऱ्हाइकांचा जीव या चिठ्ठीत असे. संगीत बरंवाईट चालून जाई. चिठ्ठी नसली तर पत्रं येत.

या खेपेचा कलावंत स्वतःला ध्वनिकार म्हणवायचा. बायको त्याला खडखड्या म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिचंच नाव जास्त जवळ जाणारं होतं. लोखंडी पिंपात साखळी टाकून त्याने ती चाळीस मिनिटं फरफटवली होती. मधूनमधून काचा फोडल्या होत्या. कोऱ्या पांढऱ्या कॅसेटवर भरलेला तो ऐवज देताना त्याने बजावलं होतं, "मित्रा, हिच्यावर काही लिहायचं नाही. नाव दिलं की आवाज मरतो." कॅसेटवाल्यांनी ती एकदाच ऐकली, डोकेदुखीची गोळी घेतली आणि त्याला 'थोर आहे' असं कळवलं.

नेमकी त्याच आठवड्यात सासूबाईंची कॅसेट दुरुस्तीला आली.

या कॅसेटवर सासऱ्यांचं घोरणं होतं. तीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी ते पुरावा म्हणून भरून घेतलं होतं, कारण सासरे म्हणत, "मी? आणि घोरतो? अशक्य!" पुरावा ऐकवल्यावर ते म्हणाले, "हा शेजारचा असेल." सासरे जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या मागे सासूबाईंना घर इतकं शांत झालं की डोळ्याला डोळा लागेना. मग एके दुपारी ही कॅसेट सापडली. ती लावली आणि बाई चार तास गाढ झोपल्या. तेव्हापासून झोप म्हणजे ती कॅसेट. आता आतली पट्टी अडकायला लागली होती. कॅसेटवाल्यांनी जुनी डबी फोडली आणि पट्टी अलगद काढून नव्या, पांढऱ्या, कोऱ्या कॅसेटमध्ये बसवली. काम अगदी सफाईदार केलं. मग ती टेबलावर ठेवली, खडखड्याच्या पांढऱ्या, कोऱ्या कॅसेटशेजारी.

आता तुम्ही म्हणाल, प्रती भरताना माणूस ऐकत नाही का? नाही ऐकत! आवाज बंद ठेवून कॅसेटवाले नुसते यंत्राचे काटे बघत. काटे हलले, काम झालं. या वेळी काटे सावकाश चढत, थरथरत, क्षणभर थांबत आणि धपकन खाली येत. ते बघून कॅसेटवाल्यांना भरून आलं. "काय श्वास आहे या रचनेत!" असं ते बायकोला म्हणालेसुद्धा.

पंचवीस प्रती भरल्या. चुंबक फिरला, या खेपेला अंमळ जास्तच. फोटो निघाला. कधी नव्हे ते आवृत्ती हातोहात संपली. सासूबाई पंधरा दिवस घोरणाऱ्या बहिणीकडे राहून परतल्या, तेव्हा दुसरी पांढरी कॅसेट त्यांच्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, यांना काय झालंय हो?"

"कुणाला?"

"यांना! घसा पार बसलाय. हे असे कधीच घोरत नव्हते. आणि मधेच काचा फुटतात."

कॅसेटवाले घाईघाईने म्हणाले, "नवी डबी आहे ना, सासूबाई... जरा रुळायला वेळ लागतो. दोन दिवस द्या मला."

"दोन दिवस मी झोपू कशी?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

फोन ठेवून वळतात तो दारात बायको उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा कुठे आहेत?" तिने विचारलं.

"बाबा..." कॅसेटवाले म्हणाले, "बाबा पंचवीस ठिकाणी आहेत."

"आणि मूळ?"

त्यांनी गुपचूप फोटो पुढे केला. बायकोने फोटो पाहिला, चुंबक पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझ्या आईला पंचविसातली एक आणून द्या. मग मी बोलेन तुमच्याशी." आणि खरंच बोलायची थांबली.

खडखड्याकडे पहिल्या क्रमांकाची प्रत होती, पण त्याच्याकडे कुठल्या तोंडाने मागणार? 'बाबा रे, तुझी रचना निघालीच नाही, माझे सासरे निघाले,' असं सांगायचं? त्यापेक्षा कॅसेटवाल्यांनी गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. एक म्हणाला, "अजून ऐकली नाही, तशी मनःस्थिती यायला हवी." दुसरा म्हणाला, "ऐकायला यंत्र कुठाय माझ्याकडे? मी भिंतीवर लावतो." तिसऱ्याने 'ऐकलीत का?' या प्रश्नाचाच अपमान मानला. द्यायला मात्र कुणीच तयार नव्हतं, कारण मूळ प्रत नष्ट केली होती ना!

उरला दंतवैद्य. या दंतवैद्याने दोन प्रती घेतल्या होत्या, आणि आपल्या दोन पानी पत्रकात परीक्षणही लिहिलं होतं: 'लोखंडाचा हा आक्रोश मी सलग तीनदा ऐकला. तिसऱ्या वेळी मला रडू आवरलं नाही.' हे वाचून तेव्हा कॅसेटवाल्यांची छाती फुगली होती. आता त्याच ओळी आठवून ते जरा विचारात पडले.

दवाखान्यात नंबर लावल्याशिवाय भेट नव्हती. म्हणून एक धडधाकट दाढ पुढे करून ते खुर्चीत आडवे झाले. समोर काचेच्या कपाटात प्लॅस्टरच्या कवळ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कॅसेटवाल्यांच्याच कॅसेटी, एकीचंही वरचं प्लॅस्टिक फाडलेलं नव्हतं.

"आ करा. बोला, काय म्हणताय?" दंतवैद्याने तोंडात आरसा घातला.

"आआ एअ ओअ आ."

"प्रत परत? छे! काहीतरीच. मोठा करा आ. दुसरी प्रत मी अदलाबदलीसाठी ठेवलीय."

कॅसेटवाल्यांनी आरसा बाजूला सारला. सासूबाईंचा तो एवढासा आवाज कानात होता, म्हणून त्यांनी मनाचा हिय्या केला. "डॉक्टर, चूक झाली. त्यात ध्वनिकार नाहीच. त्यात माझे सासरे घोरतायत. सासूबाईंना त्याशिवाय झोप येत नाही हो. आज दुसरा दिवस आहे."

दंतवैद्य थबकला. त्याचे डोळे पाणावल्यासारखे झाले. तो मऊ आवाजात म्हणाला, "म्हणजे... ही चुकीची आवृत्ती आहे?"

"हो!"

"आणि जगात पंचवीसच?"

"हो हो!"

"मग तर मुळीच नाही देणार," दंतवैद्य म्हणाला, आणि त्याने कपाटाला कुलूप घातलं.

कॅसेटवाल्यांच्या टाळक्यात तिडीक गेली. ते खुर्चीत ताठ बसले. "डॉक्टर, तुम्ही तीनदा ऐकलीत. तिसऱ्यांदा रडलात. कशाला रडलात? माझ्या सासऱ्यांच्या घोरण्याला? छापू का मी हे?"

दंतवैद्याचा चेहरा पडला. पण तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "छापा की. आणि हेही छापा, की तुम्ही पंचवीस वेळा भरलीत आणि एकदाही ऐकली नाहीत."

खुर्चीशेजारच्या पेल्यात नळाचं पाणी तेवढं पडत होतं. शेवटी दंतवैद्य म्हणाला, "गुळणी करा," आणि कॅसेटवाल्यांनी निमूटपणे गुळणी केली.

हातपाय गाळून घरी येतात तो काय, बाहेरच्या खोलीत खडखड्या चहा पीत बसलेला. समोरच्या खुर्चीत सासूबाई. डोळे सुजलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर. बायको दाराला टेकून उभी. कॅसेटवाल्यांची पाचावर धारण बसली. झालं! याला सगळं कळलं.

खडखड्या उठला आणि त्यांना कडकडून भेटला. "मित्रा! काय काम केलंयस तू!"

"मला माफ..."

"रोज ऐकतोय मी. मलाच माहीत नव्हतं माझ्या रचनेत एवढी खोली आहे ते. पहिल्यांदाच मी माझंच काम शेवटपर्यंत ऐकू शकलो!"

थट्टा करतोय म्हणावं, तर गडी गहिवरला होता. "आजी, तुम्हाला ऐकवतो," असं म्हणून त्याने सासूबाईंचा टेपरेकॉर्डर काढला आणि खिशातली पहिल्या क्रमांकाची प्रत आत सरकवली.

घर्रर्र... खर्रर्र... फूस्स.

सासूबाई ताठ झाल्या. "अगं बाई! आले!"

"कारखान्यांच्या युगाचा अंत आहे हा," खडखड्या कुजबुजला.

"कसला अंत, आमचे हे आहेत! थांबा, आता श्वास अडकेल." श्वास अडकला. "आता तीनदा शीळ घालतील." तीनदा शीळ वाजली. "आणि आता मी." टेपमधून तीस वर्षांपूर्वीच्या सासूबाई कडाडल्या, "अहो, कुशीवर व्हा!"

"ही हाक मी तिथे मुद्दाम ठेवलीय," खडखड्या अभिमानाने म्हणाला. "प्रत्येकाला तिच्यात आपलं माणूस ऐकू येतं."

बायकोने तोंडाला पदर लावला. सासूबाईंची मान एका बाजूला कलली होती आणि हातातला कप तिरका होत होता. बायकोने तो अलगद काढून घेतला. दोन दिवसांची झोप होती ती. थोड्याच वेळात टेपमधल्या घरघरीला खुर्चीतून बारीक साथ सुरू झाली, अगदी तालात. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदाच काहीतरी तालात वाजत होतं.

खडखड्याने कॅसेट काढायला हात पुढे केला.

"हात लावाल तर बघा," बायको हळूच म्हणाली. हळूच म्हणाली, पण हात मागे गेला.

"पण वहिनी, ती माझी प्रत आहे!"

कॅसेटवाल्यांनी त्याला दंडाला धरून दाराशी नेलं. सासूबाईंच्या पिशवीत परत आलेली ती दुसरी पांढरी कॅसेट त्यांनी उचलली आणि त्याच्या हातात ठेवली. "त्या बदल्यात ही घे. जगात एकच आहे. दुसरी प्रत नाही."

"एकच?" खडखड्याचे डोळे चकाकले. "कुणाची आहे?"

"तुझ्याच तत्त्वाचा माणूस आहे. नाव लिहीत नाही."

खडखड्या खूश होऊन गेला. बायको त्या दिवशी नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलली. ती म्हणाली, "पेन आणा," आणि स्वतःच्या हाताने कॅसेटवर ठळक 'बाबा' असं लिहिलं. कॅसेटवाल्यांनी नव्या प्रतीसाठी यंत्र जुळवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चालू ठेवून, सबंध ऐकत, तिची आणखी एक कॅसेट भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खडखड्याचा फोन आला.

"मित्रा, काय भयंकर दिलंयस हे? डोकं उठलं माझं! कुणीतरी पिंपात साखळी ओढतोय आणि काचा फोडतोय. पाच मिनिटांत बंद केली. ना श्वास, ना खोली. असल्या माणसाची कॅसेट काढणार आहेस तू?"

"नाही," कॅसेटवाले म्हणाले. "नाही निघाली."

"वाचलास. आणि त्याला माझा निरोप दे, म्हणावं आधी स्वतः एकदा नीट ऐक."

"सांगतो," कॅसेटवाले म्हणाले आणि त्यांनी हलकेच फोन ठेवला. आतल्या खोलीत सासूबाई अजून झोपल्या होत्या.