अमृतरावांच्या थंडीतली आंबील

यंदा वेळ अमावास्येला पारा आठ अंशांखाली उतरेल, असे अमृतरावांनी चार दिवस आधीच जाहीर केले. आणि तेही अशा थाटात, की थंडीला येण्याची तारीख त्यांनीच दिली असावी. पोस्टमास्तर म्हणून त्यांची हयात पत्रे ग्रॅममध्ये तोलण्यात गेली होती. अंदाजाचा त्यांना तिटकारा होता. ते जे सांगत तो निष्कर्ष असे.

या निष्कर्षाशी आंबिलीचा संबंध होता. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला अहमदपूरकडचे अख्खे गाव शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पूजा मांडते आणि ज्वारीच्या पिठाची, ताकात आंबवलेली आंबील पिते. पत्नी साखराबाईंच्या हातची आंबील प्यायला अमृतरावांचे शाळासोबती पाशामियाँ मुखेडहून पंचवीस वर्षे न चुकता येत होते, आणि ती एकदाही बिघडली नव्हती. यंदा ते नव्या सुनेला, जेबाला, मुद्दाम चव दाखवायला आणणार होते.

थंडीत आंबण्याची क्रिया मंदावते. सबब आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, आदल्या दिवशी न भरता तीन दिवस आधी भरावी आणि गोधड्यांत गुंडाळावी, असा अमृतरावांचा युक्तिवाद होता.

"खोबरेल बाटलीत अजून पातळच हाय," साखराबाई म्हणाल्या. "पंखा लावून झोपायलाव तुमी, अन् थंडी कुठली वो?"

तेल हा साक्षीदार झाला, न्यायाधीश नव्हे, असे अमृतरावांनी समजावले आणि तत्त्वाखातर कानटोपी चढवली. दीड तासाने साखराबाई म्हशीची धार काढायला उठून गेल्या. वाद जिंकला गेला. बिंदगी भरली, दोन गोधड्यांत निजली.

मग आभाळ भरून आले. तुरीचा फुलोरा गळू लागला, विहिरीत बेडूक ओरडू लागले. हे ढग नेमक्या कोणत्या समुद्राचे, हे अमृतरावांनी एसटीच्या कंडक्टरलाही विचारून पाहिले. प्रकार त्यांना अत्यंत कुतूहलाचा वाटला, भाकिताच्या विरोधातला मात्र मुळीच वाटला नाही. ही थंडीची प्रस्तावना होती.

अमावास्येच्या सकाळी प्रथेप्रमाणे मानाची बिंदगी घरच्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर चढली. वर घोंगडी, खाली कानटोपी, आणि कानटोपीखाली घामाच्या धारा. ओढ्यापाशी डोक्यात गुडगुड सुरू झाली. आरंभी त्यांना तो आवाज स्वतःच्या विचारांचा वाटला. तोच बिंदगीच्या तोंडाची दोरी तुटली आणि आंबील फेसाळत कानटोपीवरून चष्म्यावर, चष्म्यावरून मिशीत उतरली. अमृतराव थांबले, मिशी चाटून पाहिली. चिंचेने शरमावे इतकी ती आंबट होती!

"भाऊजी, तिकडं पाऊस झाला का वो?" शेजारच्या शेतातून गुणाबाईंनी चौकशी केली.

अर्धी बिंदगी घेऊन ते कोपीशी पोचले तेव्हा पाशामियाँ आणि जेबा येऊन बसले होते. आपल्या हट्टापायी साखराबाईंचे पंचवीस वर्षांचे नाव आज जाणार, हे त्यांना कळून चुकले. बिंदगी कोपऱ्यात टेकवून ते तोंड धुण्याच्या निमित्ताने विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याकडे गेले आणि तिथे जितका वेळ काढता येईल तितका काढला. परतले तो पाशामियाँच्या हातात रिकामा पेला, डोळे मिटलेले.

"भाभी," डोळे न उघडताच ते म्हणाले, "इतक्या सालात अशी आंबील न्हाई पिली." जेबाने दुसऱ्यांदा पेला पुढे केला.

अमृतरावांचा जीव भांड्यात पडला, आणि जीवापाठोपाठ वाणीही परतली. तीन दिवसांचे संथ आंबणे, गोधडीची ऊब, ढगांनी अडवून धरलेली उष्णता, या साऱ्याची सांगड घालून त्यांनी जेबाला पाऊण तास कृती समजावली. ती बिचारी मान हलवत राहिली. अखेर घसा कोरडा पडला म्हणून ते स्वतःसाठी पेला भरायला वळले, तर त्यांची बिंदगी कोपऱ्यात जशीच्या तशी फुसफुसत होती. तिला कुणी हातही लावला नव्हता.

"मग हे प्याले ती कुठली?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"काल दिवस मावळताना दुसरी लावली. उकाड्यात एका रातीत येती." साखराबाई पानांवर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढत होत्या. "भज्जीच्या टोपल्यासंगं आणली."

"आणि ही आंबट बिंदगी माझ्या डोक्यावर कशाला दिली?"

"मान तुमचा हाय," साखराबाई वर न बघता म्हणाल्या. "न्यायला कायतरी पायजेच की."