माणसाचं पाऊल न पडलेलं रान

दूध नासणार हे दुधाच्या आधी मला कळतं! उगाच नाही साबणाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं वास तपासायला बसलोय. मी हुंगल्याशिवाय एकही वडी कागदात गुंडाळली जात नाही. कारखान्यात माझं नावच मुळी 'नाक'! बायको म्हणते, त्या नाकापायी बाकीचा माणूस सांभाळावा लागतो.

तर लेकीने पहिल्या पगारातून मला परफ्यूम आणलं. बाटलीवर बर्फातली झाडं आणि खाली मजकूर : 'माणसाचं पाऊल न पडलेल्या गोठलेल्या रानाचा गंध. लाकूड आणि कस्तुरी.' बर्फाशी माझी ओळख फ्रीजरपुरती. असं रान वासाला कसं असेल? अधीर होऊन मनगटावर फवारा मारला, हुंगला, आणि... काही नाही! निव्वळ पाणी!

"बाबा, सांग ना, कसं आहे?" लेक डोळ्यांत प्राण आणून बघत होती.

पहिल्या पगाराची वस्तू! त्यात माझ्या नाकाची अब्रू! मी डोळे मिटून बाटलीवरचा मजकूर म्हणून दाखवला. "अहाहा! आधी लाकूड... मग कस्तुरी... मागे कुठेतरी बर्फ!"

"आणि? अजून काही आठवलं?"

"अजून? अं... अस्वल!"

तिचा चेहरा जरासा पडला. का, ते मला कळलं नाही.

सकाळी पुन्हा प्रयत्न केला. मान, कॉलर, रुमाल, केस. सतरा फवारे मारले तरी रान काही उगवेना! बायकोने खिडकी उघडली. मी तसाच कामावर गेलो.

त्या दिवशी लिंबाचा साबण निघायचा होता. पहिली वडी माझ्या टेबलावरून पुढे गेली आणि सुपरवायझर ओरडला, "लिंबात कस्तुरी कुठून आली?"

काल त्याच मशीनवर आमचा कस्तुरी साबण निघाला होता. मशीन धुतलं होतं सफाईच्या मावशींनी. सगळे त्यांच्याकडे वळले.

"तीनदा धुतलंय!" मावशी कडाडल्या. "चाटून दाखवू?"

"माल फुकट गेला तर उद्यापासून येऊ नका! नाक काय म्हणतंय?" सुपरवायझरने विचारलं.

मी वडी हुंगली. लिंबू. नुसतं लिंबू! पण दहा जणांना येणारा वास नाकाला येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

"आहे," मी म्हणालो. "कस्तुरी आहे."

मावशींनी माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं.

मग शोध सुरू झाला. मी पुढे, वरात मागे. मिक्सरपाशी वाकलो. "इथे जास्त येतोय!" कटरपाशी गेलो. "इथे तर फारच!" वास माझ्या पुढे पळत होता आणि लोक माझ्या नाकाचं कौतुक करत होते. चाळीस स्क्रू निघाले. मशीनचा सांगाडा झाला. घाम फुटला म्हणून मी तोंड धुवायला बाहेर गेलो.

"गेला!" आतून आवाज आला.

मी परतलो. "आला!"

मावशी तरातरा आल्या, माझी कॉलर धरली आणि एकदाच हुंगली. "काखेत कळसा नि गावाला वळसा! अहो, हा माणूसच कस्तुरी आहे!"

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी माझ्यापुढे कागदाच्या दोन पट्ट्या धरल्या. एक पाण्याची, एक आमच्या साबणातल्या कस्तुरीची. मी ऐटीत कस्तुरी म्हणून पाण्याची उचलली!

"काही नाकांना ही कस्तुरी येतच नाही," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "तुमच्या अंगावरही नुसती हीच आहे. यात तुमचा दोष नाही."

सुपरवायझरने रजिस्टर उघडलं. पानोपानी माझं अक्षर : 'कस्तुरी उत्तम.' "मग हे एकोणीस वर्षं काय हुंगून लिहिलंत?"

"आदल्या दिवशीचं बघून," मी खरं ते सांगितलं.

मावशींची सर्वांसमोर हात जोडून माफी मागितली. चाळीसच्या चाळीस स्क्रू मीच पिळले. त्या शेजारी उभ्या राहून मोजत होत्या!

घरी येऊन लेकीपुढे कबूल केलं. "मला वास आलाच नव्हता गं."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती हसतच सुटली. "म्हणून तुला कळलं नाही होय! दुकानात तीस बाटल्या हुंगल्या मी. ही उघडली आणि वाटलं, बाबा दार उघडून आत आला! लहानपणापासून तू कामावरून आलास की हाच वास येतो."

माणसाचं पाऊल न पडलेलं ते रान रोज संध्याकाळी मीच घरी आणत होतो, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता!

बायकोने बाटली हुंगली, मग मला हुंगलं.

"काही म्हणा," ती म्हणाली, "अस्वल मात्र बरोबर ओळखलंत!"