बत्तीस अंशांच्या पगारे मॅडम

पगारे मॅडमच्या अंबाड्यात मी कधी गजरा पाहिला नाही. थर्मामीटर मात्र रोज असायचा. काडीसारखा, स्टीलचा, टोकदार. नाशिकरोडहून सिन्नरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्या तो उपसत आणि समोर येईल त्यात खुपसत. कधी चहात, कधी ड्रायव्हरच्या सीटच्या फटीत. एकदा माझ्या डब्यात.

"देवरे भाऊ, तुमची भेंडी एक्केचाळीसवर आलीय. आता खाऊन टाका."

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी खाल्ली. मॅडमना नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

कंपनी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत. मी स्टोअर सांभाळायचो, मॅडम प्रयोगशाळा. तिथे पिठाएवढ्या बारीक मेणाच्या थेंबांना पॉलिमरची साल चढवायचे. हवा तापली की सालीच्या आतलं मेण वितळतं आणि वितळताना उष्णता पिऊन घेतं. हवा गारठली की ते गोठतं आणि प्यालेली उष्णता परत देतं. साल असल्यामुळे मेण सांडत नाही. ही पावडर कापडावर चढवायची आणि त्या कापडाची जाकिटं शिवायची, असा धंदा. मी आधी हार्डवेअरच्या दुकानात होतो, मला यातलं काही कळेना. मॅडमनी मला मानेला धरून सूक्ष्मदर्शकावर वाकवलं.

"द्राक्षं दिसतात?"

खरंच दिसत होती. गोल, टपोरी, एकमेकांना चिकटलेली.

"मग झालं तुमचं शिक्षण. साल शाबूत तर माल शाबूत. साल फुटून आतलं मेण निघून गेलं, तर त्याला बेदाणा म्हणायचं."

मी आज्ञाधारक माणूस. बिघडलेल्या मालाच्या ड्रमवर ठळक अक्षरांत 'बेदाणा' लिहून ठेवलं. पुढे तपासणीला आलेल्या गृहस्थांनी खाद्यपदार्थांचा परवाना मागितला. मॅडमनी त्यांनाही सूक्ष्मदर्शकावर वाकवलं.

साल धरायची वेळ म्हणजे तर सोवळंच. साबणाच्या पाण्यात मेण घुसळून थेंब झालेले असत, आणि आता त्यांच्यावर साल चढणार असे. मॅडम भांड्याशी उभ्या राहून ओठांवर बोट ठेवत. पाळण्यातलं मूल आत्ता कुठे डोळे मिटतंय, अशा चेहऱ्याने. आवाजाने सालीला काही होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण एका दसऱ्याला मोठे साहेब पूजेनंतर भाषणाला उभे राहिले, तेव्हा मॅडम दारातून डोकावून म्हणाल्या, "साहेब, साल धरतेय." साहेब बसले. आम्ही सगळे पंचवीस मिनिटं गुपचूप पेढे खात होतो. कंपनीतला तो सर्वांत सुखाचा दसरा.

माणसंही त्या अंशांत मोजत. आमचा खरेदीवाला अठराचा, दोन गोड शब्दांत वितळतो. साहेब बावन्नचे. मी चोवीसचा निघालो, यात अपमान आहे की कौतुक हे मला आजवर कळलेलं नाही.

चाचणीला मात्र त्यांना जिवंत माणूस लागे. घोटीकडचा खंडू, आमचा वॉचमन, त्याला त्यांनी पहिलं जाकीट चढवलं आणि आठवडाभर गावी पाठवलं. तिकडचा पाऊस आणि गारठा म्हणजे चेष्टा नाही. परत आला तेव्हा बिचारा ओशाळलेला.

"मॅडम, खोटं कशाला बोलू. गरम काय लय वाटलं नाय."

"गार वाटलं?"

"गार बी नाय वाटलं. काहीच नाय वाटलं."

मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर पेढा भरवला. काहीच न वाटणं हाच या मालाचा गुण, हे त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. त्यानंतर मलाही जाकीट घालून उन्हातून शीतगृहात आणि शीतगृहातून उन्हात असं अकरा वेळा पळवलं. शीतगृहाच्या मालकाला वाटलं मी काहीतरी चोरतोय. त्याने बाराव्या वेळी कुलूप लावलं, मी आत असताना. सुटका होईपर्यंत मॅडम दाराबाहेरून ओरडून विचारत होत्या, "देवरे भाऊ, आता किती?"

हे सगळं असं मजेत चाललं होतं. मग साहेबांनी एक फर्मान काढलं. गिऱ्हाइकाला काहीच वाटत नसेल तर तो पैसे कशाला देईल? चटका नाही, पण चांगली ऊब जाणवली पाहिजे. बत्तीस अंशांना वितळणारं मेण काढा, पंचेचाळीसचं भरा, आणि त्या कापडाचे, तापवून घालायचे मोजे, पट्टे काढा म्हाताऱ्या माणसांसाठी.

मॅडम एरवी भांडल्या असत्या. या वेळी त्यांनी थर्मामीटर टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. नऊ वर्षांत त्यांनी रजा घेतलेली मी पाहिली नव्हती. साहेब म्हणाले, "देवरे, जाऊन समजावून आणा."

त्यांचं घर जेलरोडला. दार मॅडमनीच उघडलं. आत पलंगावर त्यांच्या आई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, पायांवर शाल घेतलेल्या. मॅडमना आई आहेत, हेच मला माहीत नव्हतं.

मी पंचेचाळीसचा विषय काढला. मॅडमनी आईच्या पायांवरची शाल बाजूला केली. डाव्या घोट्याच्या वर मोठा, गुळगुळीत, पांढरट डाग होता.

"साखरेमुळे आईच्या पायांना काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "थंडीत मी गरम पाण्याची रबरी पिशवी भरून दिली पायाशी. माझ्या हाताला बरोबर वाटली होती. रात्रभर तशीच राहिली. सकाळी बघितलं तर कातडी सोललेली. आई हसत होती, तिला दुखतच नव्हतं." त्यांनी शाल परत पायांवर ओढली. "ज्याला चटका कळतो त्याला द्या पंचेचाळीस. मोज्यात नाही."

साहेबांचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, मोजे बत्तीसचेच काढा. मॅडम सोमवारी बसमध्ये हजर.

पण त्या दिवशी जेलरोडहून मी निघण्याआधी मॅडमनी आईला मोजे चढवले. हे त्यांनी घरीच शिवलेले, आमच्या कापडाचे. खाली बसून एक एक बोट सारखं करत होत्या.

"आई, लागतेय का ऊब?"

"हां. लागतीये. लय बरं वाटतंय."

मॅडम चहा टाकायला आत गेल्या. म्हातारीने मला जवळ बोलावलं.

"मला काय बी कळत नाय भाऊ," ती हळूच म्हणाली. "पाय हायेत का नाय, त्ये बी बघून कळतं. पर मी रोज सांगते, लागली ऊब. लय मनाला लावून घेतलंय तिनं त्या पिशवीचं. तू बोलू नको."

मी मान हलवली. चहा प्यायलो. मॅडम फाटकापर्यंत सोडायला आल्या, आणि कडी काढता काढता म्हणाल्या, "आईने तुम्हाला सांगितलं असेल."

मी वाकून चपलेचा पट्टा ओढू लागलो.

"तिला काही कळत नाही, हे मी दर महिन्याला डॉक्टरांकडून ऐकतेच की. पण विचारलं की खुलते हो ती. म्हणून विचारते." त्यांनी फाटक उघडून धरलं. "तुम्ही तिला कळू देऊ नका."