नापास माणसाचं व्याख्यान

आपटे सरांना कुणी "कसे आहात?" विचारलं, की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "विचारण्याचं कारण?"

मी विद्यापीठात मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी हे माझ्या वाट्याला आलं. सर शेजारच्या संख्याशास्त्र विभागातले, म्हणून आपलं ओळख करून घ्यावी इतकाच माझा हेतू. पण कारण विचारल्यावर मला काही सुचेना. ते थोडा वेळ थांबले, "म्हणजे नाहीच," म्हणाले आणि गेले. मी जिन्यात तशीच उभी.

पुढे कळलं की हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. समोरचा चार शब्द बोलला की सर त्याला मध्येच तोडायचे, "मुद्दा?" बऱ्याच जणांकडे तो नसायचाच. ऑफिसातल्या जोशीबाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर सरांनी तिच्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने सुधारून पत्रिका परत केली. वर "छापण्याआधी दाखवायची" असा सल्ला. लग्नाला अर्थातच गेले नाहीत. डबासुद्धा एकटेच खायचे, खिडकीकडे तोंड करून.

तर गेल्या वर्षी नव्या मुलांसाठी एक व्याख्यान ठेवलं होतं. विषय, माणसं समजून घेणं आणि नाती खोल करणं. सभागृह गच्च भरलेलं आणि वक्ते खराडीच्या वाहतुकीत अडकलेले. आमचे विभागप्रमुख फोन करकरून घामाघूम झाले. त्यांनी मला बोलायला सांगितलं, मी हात जोडले. तेवढ्यात आपटे सर आले. या कार्यक्रमापायी त्यांचा तास रद्द झाला होता, त्याची तक्रार करायला. विभागप्रमुखांनी अडचण सांगितली. सरांनी फलकावरचा विषय वाचला आणि म्हणाले, "मी बोलतो."

विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कुणी काही म्हणायच्या आत सर माइकपाशी पोचले होते.

"या विषयात मी नापास आहे," त्यांनी सुरुवात केली. "त्यामुळे पेपर कुठे अवघड जातो ते मला माहीत आहे."

मुलं खळखळून हसली. सर हसले नाहीत. हसू थांबेपर्यंत थांबले आणि मग, तास घेताना बोलत त्याच सपाट आवाजात, म्हणाले की त्यांची बायको दिवाळीनंतर मुलीकडे राहायला गेली आहे आणि परत येणार नाही म्हणते आहे.

आम्हाला कुणाला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. इतके महिने त्यांचा डबा येत होता तो खानावळीतून, हेही मला तेव्हा कळलं.

दर रविवारी ते मंडईतून चाकवत आणायचे, सरांनी सांगितलं. बायकोला आवडतो म्हणून, आठवणीने. बॅग भरताना ती म्हणाली, मला चाकवत कधीच आवडत नव्हता.

"मी तिला विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, लग्नानंतर लगेच सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, मुद्दा?"

शेजारी बसलेले विभागप्रमुख नुसते जमिनीकडे बघत होते.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "सर, मग त्यांना काय आवडतं?"

सरांनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग "ठाऊक नाही," एवढं म्हणून ते व्यासपीठावरून उतरले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत.

बाहेर मी स्कूटर काढत होते. सर समोर येऊन उभे राहिले. तुम्ही बिबवेवाडीला जाता ना, मग मंडई वाटेत लागत असेल, असं म्हणाले. माझ्याकडे त्यांनी आजवर साधं पेनही मागितलं नव्हतं. मी मान डोलावली. ते मागे बसले.

मंडईत त्यांच्या ठरलेल्या भाजीवाल्या मावशींनी त्यांना पाहताच चाकवताच्या जुडीला हात घातला. सरांनी नको म्हटलं. मग वांगी, घेवडा, दोडकी, मेथी असे सगळे ढीग एकेक करून बघत राहिले, परीक्षेच्या हॉलमध्ये अडलेल्या मुलासारखे. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "मंडईत आहे. तुला कुठली भाजी आवडते?"

मी लिंबं बघायला लागले. निवडून निवडून किती लिंबं निवडणार? मागे वळून पाहिलं तर सर फोन कानाला लावून तसेच उभे. मावशींनी गिऱ्हाइकांसाठी जरा बाजूला व्हायला सांगितलं, तर निमूटपणे बाजूला झाले.

"काय म्हणाल्या?" मी हळूच विचारलं.

त्यांनी फोनवर हात धरला. "अजून काही नाही. विचार करतेय."

नंतर परत लावा, मी सुचवलं. मी थांबते, नाहीतर घरीही सोडते.

सरांनी नकारार्थी मान हलवली. "तुम्ही निघा. तिने फोन ठेवलेला नाही."