जोड्यात चिमूटभर मीठ

मंगळवारी दिवे लागायच्या वेळेला आगाकरीमच्या फाटकावर थाप पडली आणि बाहेरून कुणीतरी म्हणालं, "देवाचा पाहुणा चालेल का?"

आमच्या गुलदरा गावात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि जन्मला तरी त्याला मुलगी कोण देणार. आगाकरीमने फाटक उघडलं. बाहेर मेंढीच्या कातड्याची उंच टोपी घातलेला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा उभा होता. बर्फ नुकतं वितळलेलं, वाटेत घोटाभर चिखल. पण म्हाताऱ्याच्या काळ्या रबरी जोड्यांवर चिखलाचा ठिपका नव्हता. बोझ नावाचा कुत्रा पोस्टमनवर सात वर्षं नेमाने भुंकत आलेला. तो उठला आणि गुपचूप म्हाताऱ्याच्या पायाशी जाऊन बसला. म्हातारा अंगण ओलांडून ओसरीकडे आला, तिसरी पायरी खाली न बघताच चुकवली आणि वर चढला. तिसरी पायरी डुगडुगते हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं.

मिरवारीने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "तुमच्याकडचे कोण हे?"

"मला वाटलं तुझ्याकडचे."

"माझ्याकडचे आले की तुमचं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे. तसं झालेलं नाही."

"मग विचार जाऊन."

"मी विचारू? उद्या गावभर होईल, मिरवारीने पाहुण्याला नाव विचारलं म्हणून."

तेही खरंच होतं. पाहुण्याला तीन दिवस नाव, गाव, काम काही विचारायचं नाही, आणि मुक्काम किती हे तर मुळीच नाही, ही आमच्याकडची रीत. तीन दिवस भरणार होते शुक्रवारी सूर्य मावळल्यावर. आणि शुक्रवारी दुपारीच राजधानीहून सहा परदेशी खवय्ये मिरवारीच्या हातचा केशरी पुलाव खायला यायचे होते. इथेच घोडं पेंड खात होतं.

या शुक्रवारसाठी मिरवारीने दोन वर्षं वाट पाहिली होती. सहल कंपनीची बाई बजावून गेली होती, "पहिली खेप जमली तर उन्हाळाभर पाहुणे पाठवीन. पण सगळं घरचं वाटलं पाहिजे. यजमान घरचा हवा, बाहेरचं माणूस मध्ये नको." पंगत मांडायची ती मोठ्या खोलीत, कारण शेगडी तिथे आणि चांगला गालिचा तिथे. त्याच खोलीत, त्याच गालिच्यावर, भिंतीला टेकून आता हा म्हातारा बसला होता.

आणि चहा पीत होता. आमच्याकडे पाहुण्याने कमरेत बारीक असलेला तो काचेचा पेला आडवा करून ठेवला की पुरे असं समजायचं. तोवर यजमानणीने ओतत राहायचं. म्हातारा पेला आडवा करीच ना. बोटभर चहा तळाशी ठेवायचा आणि छताकडे बघत बसायचा. बुधवारी दुपारपर्यंत मिरवारीने चहाच्या पाण्याचा समोवर नऊ वेळा भरला.

"इतका चहा जातो कुठे?" ती म्हणाली. "माणूस एकदासुद्धा मागच्या अंगणात गेलेला नाही. मी लक्ष ठेवून आहे."

"असल्या गोष्टींवर लक्ष ठेवतेस तू?"

"तुम्ही ठेवलं असतं तर मला ठेवावं लागलं नसतं."

बुधवारी संध्याकाळी म्हातारा सहज उठला, शेगडीमागच्या फटीत हात घातला आणि तांब्याचा मोठा डाव बाहेर काढला. हा डाव अकरा वर्षांपूर्वी हरवला होता आणि त्यावरून मिरवारीने आपल्या नणंदेशी अबोला धरला होता. "पुलावाला हाच लागतो, सूनबाई," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा भिंतीला टेकला. मिरवारीचे सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर तिला सूनबाई म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि हा काही सासऱ्यांचा चेहरा नव्हता.

गुरुवारी दुपारी तिने घरोघर करतात तसा गेलेल्या माणसांसाठी लोण्यात कणीक भाजून हलवा केला. तो वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. ताटली तिने म्हाताऱ्यापुढेही ठेवली. म्हाताऱ्याने घास घेतला नाही. डोळे मिटून एक लांब श्वास ओढला आणि म्हणाला, "पोचला. भरून पावलो."

मिरवारी तशीच मागल्या पावली स्वयंपाकघरात आली. "अहो, त्यांनी नुसता वास घेतला."

"दात नसतील."

"काल माझे अक्रोड फोडले त्यांनी. दातांनी."

आगाकरीम कुंपणाशी गेला आणि शेजारच्या झर्निशान खालाला, म्हणजे मावशीला, हाक मारली. खालाचं वय कुणाला माहीत नाही. ती स्वतः दरवर्षी वेगळं सांगते.

"त्यात काय, जोड्यांत मीठ घाल," खाला म्हणाली. "पाहुण्याच्या जोड्यांत चिमूट चिमूट मीठ घातलं की त्याचा पाय घरात ठरत नाही. दुपारच्या आत निघतो."

"खाला, ज्याने आपलं मीठ खाल्लं त्याच्याच जोड्यांत?"

"मग बसव त्याला परदेश्यांच्या मांडीवर." खाला जराशी थांबली. "जोडे मात्र नीट बघून घे, करीम. तुझे आजोबा एका सकाळी माझ्या आईकडे भाकरी आणायला म्हणून निघाले, दहा पावलांवर. ते अजून यायचे आहेत. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास."

"त्याचा आणि मिठाचा काय संबंध?"

"मी कुठे म्हटलं, संबंध आहे म्हणून," खाला म्हणाली आणि चुलीकडे वळली.

शुक्रवारी उजाडता उजाडता आगाकरीम मुठीत मीठ घेऊन ओसरीवर आला. गावातले सगळे पुरुष एकाच दुकानातले काळे रबरी जोडे घालतात, पण ओसरीवर ते ठेवायची जागा ठरलेली असते. दाराशी घरातल्या वडीलधाऱ्याचे, पायरीच्या कडेला पाहुण्याचे. आगाकरीमने पायरीकडच्या जोड्यांत मीठ टाकलं आणि हात झटकले. बिचाऱ्याला काय माहीत, की हलव्याच्या प्रकारानंतर घाबरलेल्या मिरवारीने रात्री म्हाताऱ्याचे जोडे मानाने उचलून दाराशी ठेवले होते आणि नवऱ्याचे पायरीकडे सरकवले होते.

"अहो, खालाकडून भाकऱ्या घेऊन या," मिरवारीने आतून सांगितलं. "जाल आणि याल."

आगाकरीमने दाराशी ठेवलेल्या जोड्यात पाय घातला तर तो सैल. म्हणून त्याने पायरीकडचे घालून बघितले, ते बरोबर बसले. पायात जाड लोकरी मोजे होते आणि डोक्यात सहा परदेशी होते. मिठाचं त्याला भानच राहिलं नाही. तो भाकऱ्या आणायला निघाला, दहा पावलांवर.

खालाने त्याला दारातच धरलं. "दुकानात फोन आला होता. तुझ्या परदेश्यांची गाडी पुलाशी उभी आहे, वळण सापडत नाही म्हणे. आधी त्यांना घेऊन ये, भाकऱ्या मी पोचवते." आगाकरीम पुलाशी गेला. गाडी नव्हती. गुराखी म्हणाला, आत्ताच फाट्याकडे परत गेली. फाटा तीन कोस. तेवढ्यात मधमाश्यांच्या पेट्या भरलेला एक ट्रक आला आणि ड्रायव्हरने दार उघडलं. फाटा आला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "उतारावर ब्रेक मारला तर पेट्या उलटतील आणि माशा आपल्याला सोडायच्या नाहीत. सपाटीला थांबवतो." सपाटी आली ती थेट तालुक्याच्या बाजारात. त्याच्या डोळ्यांदेखत परदेश्यांची पांढरी गाडी समोरून आली आणि गुलदऱ्याच्या दिशेने निघून गेली.

चहाच्या दुकानाबाहेर बाकावर बसून आगाकरीमने आग होणारा पाय जोड्यातून बाहेर काढला. मोज्याला मीठ चिकटलं होतं. मग त्याने दोन्ही जोडे उलटे करून झटक झटक झटकले. आजोबा कुठपर्यंत पोचले असतील, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला आणि त्याला खरोखर भीती वाटली. गावाकडे जाणारी बस बिघडली होती. तो चालत निघाला.

घरी पोचला तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. फाटक आतून लावलेलं. त्याने थाप मारली. बोझ भुंकला, अगदी पोस्टमनवर भुंकतो तसा. आतून पावलं आली, म्हाताऱ्याने फाटक उघडलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या, देवाचे पाहुणे," म्हातारा म्हणाला. "दमलेले दिसता. सूनबाई, चहा टाक."

मिरवारी स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि चेहरा नुसता फुललेला. "कुठे होतात तुम्ही? असो. अहो, काय जेवले लोक. पुलावाची खालची खरपूस पोळी या वडीलधाऱ्यांनी स्वतः फोडली, त्याच डावाने सगळ्यांना वाढलं. आजोळच्या, डोंगरातल्या, कुठकुठल्या गोष्टी सांगितल्या. कंपनीची बाई तर रडली. म्हणाली, असा घरचा यजमान कुठे बघितला नाही. आता दर शुक्रवारी येणार. एकच अट आहे, हे घरात पाहिजेत."

"आणि मी?"

मिरवारीने ताटली पुसली, पुन्हा पुसली. "भिंतीवरचा तुमचा फोटो बघून परदेश्यांनी विचारलं, हे कोण. तर ते म्हणाले, हा अधूनमधून येतो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"पाहुण्यांसमोर वाद घालू? बरं, तुमचं अंथरूण कडेच्या खोलीत घातलंय."

"तीन दिवस भरले आता. विचार त्यांना नाव."

"तुम्ही विचारा," मिरवारी म्हणाली. दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

झोपण्याआधी आगाकरीमने आपल्या जोड्यांना लाल दोरा बांधून खूण केली आणि ते मुद्दाम दाराशी ठेवले. सकाळी उठून पाहतो तर लाल दोऱ्याचे जोडे पायरीच्या कडेला, आणि दोन्हीत चिमूट चिमूट मीठ. जाडं, करड्या रंगाचं. तसलं मीठ घरात एकाच डब्यात होतं आणि त्या डब्याची किल्ली मिरवारीच्या कमरेला होती.

"चहा घेऊन जा," मिरवारीने आतून प्रेमाने सांगितलं. "आणि जाताय तसे खालाकडून भाकऱ्या आणा."

आगाकरीम गालिच्याच्या अगदी टोकाला बसला. म्हाताऱ्याने स्वतः त्याचा पेला भरला आणि त्याच्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, "माझ्याही जोड्यांत एकदा असंच निघालं होतं, पोरा. कुणी घातलं ते मी विचारलं नाही. परत यायला मात्र जरा उशीर झाला."

बाहेर बोझ पायरीशी येऊन त्या लाल दोऱ्याच्या जोड्यांवर गुरगुरत होता. आगाकरीमने चहा प्यायला. मिरवारी दारात उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होती, म्हातारा किटली घेऊन तयार होता. आगाकरीमने बोटभर चहा तळाशी ठेवला, भिंतीला टेकला आणि छताकडे बघत बसला. पेला त्याने आडवा केला नाही.