माईंचं दही लागेना

सोमवारी सकाळी माईंनी दह्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आत दूध दिसलं. पांढरंशुभ्र, पातळ, निर्लज्ज दूध. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण माईंचं दही लागलं नाही असा दिवस अजून उगवला नव्हता. त्यांच्या दह्यात सुरी घातली तर वडी निघायची. अख्खी इमारत विरजण न्यायला त्यांच्या दारात यायची, आणि माई वाटीभर विरजणाबरोबर दोन सूचनाही देऊन पाठवायच्या.

माईंनी आधी हवेला दोष दिला, मग दूधवाल्याला. मंगळवारी दूधवाला बदलला, बुधवारी पातेलं बदललं, गुरुवारी पातेल्याला चक्क शालीत गुंडाळून ठेवलं. दूध ढिम्म! त्यातच समोरच्या बाई विरजण मागायला आल्या. नाही म्हणणं माईंच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी तेच पांचट प्रकरण वाटीत घालून दिलं. झालं, समोरच्यांचंही दही लागलं नाही, आणि त्यांनी ज्यांना दिलं त्यांचंही नाही. शुक्रवारपर्यंत जिन्यात दुसरा विषय उरला नव्हता. माईंचं आता वय झालं, असं कुणीतरी म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं. त्या दिवशी माईंना जेवण गेलं नाही.

"अहो, माझा हात गेला हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवऱ्यानं भाबडेपणानं सुचवलं की दुकानातून एक डबा आणू. संध्याकाळपर्यंत त्याच्याशी कुणी बोललं नाही.

सुनेचं दुःख वेगळंच होतं. ती प्रयोगशाळेत कामाला होती. ज्यूसवाल्यांनी टाकलेल्या आंब्याच्या कोयी उचलून आणायच्या, कुटायच्या, भिजवायच्या, लगदा फडक्यातून गाळायचा, चोथा फेकायचा आणि खाली उतरलेल्या पाण्यानं जंतू मरतात का ते बघायचं, असा तिचा उद्योग. तीन महिन्यांत एक जंतू मेला असेल तर शपथ. उलट सगळ्यांनी चांगलं बाळसं धरलं होतं.

शनिवारी दोघी स्वयंपाकघरात तोंडं पाडून बसल्या होत्या. माई दूध गाळायला उठल्या आणि सुनेची नजर त्यांच्या हाताकडे गेली.

"आई, हे फडकं कुठलं?"

"दोरीवर वाळत होतं. छान मऊ आहे गं. गेल्या रविवारपासून यातूनच गाळतेय."

ते फडकं सुनेचं होतं. गेल्या रविवारी तिनं कोयींचा लगदा घरीच गाळला होता आणि फडकं नुसतं खळबळून वाळत टाकलं होतं. ती काही वेळ फडक्याकडे, मग पातेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, दही लावतात ते जंतूच. ते मेलेत. म्हणजे जे मारतं ते पाण्यात उतरतच नाही, चोथ्यातच राहतं, तेच फडक्याला चिकटून बसलंय, आणि मी तीन महिने खालचं पाणी तपासतेय."

माईंना यातलं एकच कळलं. "म्हणजे हात माझा नाही ना गेला?"

"हात कुठला जातोय तुमचा," असं म्हणत सुनेनं त्यांना उचलूनच घेतलं आणि ओट्यासमोर गरगर फिरवलं. दूध सांडलं, मांजर पळालं, आणि माईंचा नवरा दारात येऊन काही न विचारता परत गेला.

आता सुनेच्या सरांना पुरावा हवा होता, आणि प्रयोगशाळेत दही लावायची अक्कल कुणालाच नव्हती. म्हणून सोमवारी माईंना सन्मानानं बोलावणं आलं. बहिणीकडून ताजं विरजण घेऊन त्या गेल्या आणि त्यांनी दहा वाट्या लावल्या, पाच साध्या दुधाच्या आणि पाच चोथा कालवलेल्या दुधाच्या. हौस म्हणून सरांनीही चोथ्याची एक वाटी लावली.

दुसऱ्या दिवशी पाच वाट्यांत सुरीनं कापावं असं दही होतं आणि पाचांत नुसतं दूध. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सून रडत होती, हसतही होती. माईंनी पदर सावरला, एकेक वाटी कलती करून बारकाईनं पाहिली आणि अकराव्या वाटीशी थांबल्या.

"सर, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमचं नीट बिघडलेलं नाही. कडेला थोडं लागलंय. उद्या माझ्या शेजारी उभे राहा, मी शिकवते."